ग्रुपवरचा फोटो आणि मामांचा डबा

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मावशी, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका युनिफॉर्मच्या कारखान्यात चेकिंगला आहे. वय ३१, नोकरीला सहा वर्षं झाली. गेल्या वर्षापासून चेकिंगचं टेबल माझ्याकडं आहे. मागच्या महिन्यात शाळेच्या शर्टांच्या एका लॉटमध्ये ४० शर्टांची बाही पाठीपेक्षा फिकी निघाली. मी फोटो काढला, त्यावर लाल गोल केला आणि "मास्तर, हे काय आहे?" असं लिहून कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ग्रुपवर ६० जण आहेत. आमचे कटिंग मास्टर ५६ वर्षांचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मला लेकीसारखं वागवायचे. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. आमच्यात बसून डबा खायचे, आता कापडाच्या ताक्यांच्या ढिगामागं एकटे बसतात.

दुसरं, ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाची कड शिवायच्या मशीनवर, एक नवी मुलगी आली आहे. मामांचं असं झाल्यावर मी तिला फार सांभाळून सांगते. "छान करतेस गं, पण…" असं. आता मी नुसतं "छान" म्हटलं तरी तिचा चेहरा उतरतो. मालक म्हणतात, "तूच सांग सगळ्यांना, चेकिंग तुझं आहे." सांगितलं तर माणूस दुरावतो, नाही सांगितलं तर माल परत येतो. मी करू काय?

– चेकिंगवाली, सोलापूर

मावशीचं उत्तर

मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते.

पहिल्यांदा ते चार शब्द बघू. "मास्तर, हे काय आहे?" वरवर हा प्रश्न आहे, पण उत्तर हवं म्हणून तो कुणी विचारत नाही. आई पोराला विचारते ना, "हे काय करून ठेवलंस?", तशातला. त्यात तू एरवी त्यांना मामा म्हणतेस आणि त्या दिवशी एकदम "मास्तर" लिहिलंस. तुला ते कामाचं वाटलं असेल. मामांनी मात्र आधी तो शब्द वाचला असणार, फोटो नंतर. साठ जणांसमोर आपण मामाचे मास्तर झालो, हे त्यांना बाहीच्या रंगाआधी कळलं.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. मी २२ वर्षं एका कार्यालयात हिशेब तपासायचं काम केलं. एका सहकाऱ्याच्या वहीत बेरीज चुकली होती. मी तिथं लाल शाईनं गोल केला आणि वही त्याच पानावर उघडी ठेवून त्याच्या टेबलावर ठेवून आले. तो जेवायला गेला होता. येता-जाता सगळ्यांनी ते पान पाहिलं. पुढची दोन वर्षं तो माझ्याशी चिठ्ठीनं बोलला. समोरासमोर टेबलं, आणि शिपाई चिठ्ठ्या ने-आण करतोय! बेरीज त्याचीच चुकली होती, म्हणून तर हे तुला सांगते. आपलं बरोबर असलं की आपण कसंही सांगितलं तरी चालतं असा एक गैरसमज असतो, आणि तो फार महागात जातो.

आता कामाचं. त्या फोटोत तुला काय दिसलं आणि तुला काय वाटलं, हे वेगळं करून बघ. बाहीचा रंग फिका होता, हे दिसलं. कटिंगला चुकलं, हे वाटलं. तुझ्या पत्रात या दोन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. मी कारखान्यातली नाही, पण माझ्या धाकट्या जावेनं अशाच एका ठिकाणी दहा वर्षं काढली, तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, बाही आणि पाठ वेगळ्या छटेची निघायला तीन-चार वाटा आहेत. रंगाईच्या दोन वेगळ्या लॉटचे ताके कापायला एकाच थप्पीत लावले आणि मध्ये खूण ठेवली नाही, तर होतं. हे कटिंगचं. कोणती बाही कोणत्या पाठीची हे सांगणारे नंबरचे स्टिकर तुकड्यांवर नीट चिकटले नाहीत, घामाच्या हातानं गळून पडले, तर होतं. हे कुणाचंच नाही, किंवा स्वस्तातले स्टिकर आणणाऱ्याचं. शिलाईच्या लाइनवर घाईत दोन बंडलं एकदम सोडली आणि बाह्या इकडच्या तिकडं झाल्या, तर होतं. आणि चौथं ऐक, चेकिंगच्या टेबलावरून अल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, परत पाठवताना तुकडे मिसळले, तरी होतं. म्हणजे लाल गोल कदाचित तुझ्याच टेबलाभोवती करायचा असेल. असेलच असं मी म्हणत नाही. पण फोटो टाकायच्या आधी हे तपासलं होतंस का?

आमचे अप्पा अशोक चौकाच्या मागं चादरीच्या मागावर होते. शाळा सुटली की त्यांचा डबा आणायला मी जायची, तेव्हाचं एक डोळ्यांसमोर आहे. जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, यायचा, माग थांबवायचा. खटखट बंद झाली की कानात एकदम पोकळी व्हायची. तो अप्पांकडं बघायचाच नाही. विणलेल्या चादरीवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "इथं." अप्पा वाकायचे. दोघांची डोकी कापडावर. ताण्याचा, म्हणजे उभा, एक दोरा तुटलेला असायचा, आणि तो जोडेपर्यंत कापडभर एक उभी रेघ सरकत जाते. चूक अप्पांची की सुताची, यावर बोलणं क्वचितच व्हायचं. दोरा जोडला, माग सुरू. तो जॉबर काही फार गोड माणूस नव्हता, शिव्याही द्यायचा. पण त्याचं बोट कापडावर असायचं. तुझं बोट त्या दिवशी मामांच्या छातीवर होतं.

तुझ्या मजल्यावर तेलुगू, कानडी, मराठी सगळे असणार, आपलं सोलापूरच तसं आहे. मराठीत आपण म्हणतो "बघा की", तेलुगूत "चूडंडी", कानडीत "नोड्री". तिन्हींचा अर्थ एकच, आणि तिन्हींत समोरच्याला मान आहे. पुढच्या वेळी दोन शर्ट घे आणि मामांच्या टेबलापाशी जा. समोर उभी राहू नकोस, त्यांच्या बाजूला उभी राहा, म्हणजे दोघांच्या नजरा एकीकडं जातील. म्हण, "मामा, मंगळवारच्या लॉटमधले हे दोन. बाही आणि पाठ जरा उजेडात बघा की." आणि दाराशी ने, कारण ट्यूबखाली छटा फसवतात, दोन वेगळे निळे तिथं एकसारखे दिसतात आणि उन्हात फरक उघडा पडतो. मग गप्प राहा. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. आपल्याला लगेच पुढचं बोलायचं असतं. पण ३० वर्षं कापड कापलेल्या माणसाला छटा दाखवल्यावर काय झालं असेल हे तुला सांगावं लागणार नाही. तेच सांगतील. कदाचित म्हणतील, "स्टिकर टिकत नाहीत गं." कदाचित म्हणतील, "तुम्ही चेकिंगवाले बंडलं सोडून ढीग करता." तेही ऐकायची तयारी ठेवून जा.

ते म्हणाले, "माझ्याकडून झालं नाही," तर वाद घालू नकोस. म्हण, "असेल मामा. एक बंडल धरून बघू या का, कटिंगपासून माझ्या टेबलापर्यंत? नंबर कुठं सुटतो ते कळेल." एका बंडलाच्या मागं अर्धा दिवस जाईल. सीझनमध्ये अर्धा दिवस म्हणजे काय ते मला कळतं, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली की जूनपर्यंत तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. पण ४० शर्ट उसवून पुन्हा शिवायला किती जातो?

त्यात आणखी एक आहे, जे तू पत्रात लिहिलं नाहीस. तुझ्याकडं बहुतेक कारागीर पीस रेटवर, म्हणजे नगाप्रमाणे मजुरीवर, असतील. अल्टरला आलेला शर्ट उसवायचा आणि परत शिवायचा, त्या वेळाचा पैसा कुणी देत नाही. म्हणजे तू "हे परत कर" म्हणतेस तेव्हा फक्त मन दुखावत नाही, संध्याकाळचा हिशेबही कमी होतो. म्हणून तुझं सांगणं लवकर यायला हवं. पहिल्या पाच तुकड्यांत खोट दिसली तर पाचव्यालाच जाऊन सांग, चाळीस साठवू नकोस. तुला वाटत असेल, सारखं सारखं कुठं टोकायचं, एकदाच काय ते सांगू. पण साठवलेलं सांगणं तक्रारीसारखं ऐकू येतं, आणि तोवर उभी रेघ कापडभर गेलेली असते.

वेळही बघ. एप्रिलमध्ये दुपारी दोन ते चार कुणाला काही सुचवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पत्र्याखाली ४२-४३ अंशांत माणूस "पाणी पी" म्हटलं तरी अंगावर येतो. गाडी भरायच्या दिवशी नको. आणि हसू नकोस, पण ज्या भागातला माणूस असेल तिथला पाण्याचा दिवसही नको. कुठं कुठं काही दिवसांनीच नळ येतो, तोही कधी रात्री दोनला, तर कधी पहाटे. त्या दिवशी अर्धा कारखाना झोप न झालेला असतो. सकाळचा चहा झाल्यावरचा अर्धा तास बरा.

आता त्या ओव्हरलॉकवाल्या पोरीचं. तू तिला "छान" या शब्दाची भीती घातलीस. कडू गोळी गुळात लपवून दोनदा दिली की पोर तिसऱ्यांदा गूळही तोंडात घेत नाही. वर एक गोड, खाली एक गोड आणि मध्ये चूक, अशी सांगायची पद्धत ऑफिसांतल्या ट्रेनिंगमध्ये बरीच शिकवतात. मला ती कधीच पटली नाही. ऐकणारा गोड भाग ऐकतच नाही, "पण"ची वाट बघत बसतो. आणि गोडावरच खूश होणारा असला तर चूक ऐकून न ऐकल्यासारखी करतो. दोन्हीकडून गेलं.

कौतुक आणि दुरुस्ती एका दमात सांगू नकोस. दोन्ही मात्र ठोस असू देत. "छान" यातून तिला काय कळणार? "आज सकाळच्या बंडलात बगलेची शिवण कुठंच ओढली गेली नाही" यातून कळतं, उद्या ती तशीच शिवेल. आणि दुरुस्ती करायची तेव्हा सरळ: "या तिघांत कडेचा दोरा सुटलाय, बघ. कापड वळताना थोडा वेग कमी कर." संपलं. पुढं "वाईट वाटून घेऊ नकोस हं" असं जोडायचं नाही. त्यानं वाईट वाटायची आठवण होते. एक आठवडा तिला मागं "पण" न लावता एक-एक खरी गोष्ट सांग. खरी नसेल त्या दिवशी सांगूच नकोस.

अभिप्राय दिला म्हणजे काम सुधारतंच, असं आपण धरून चालतो. १९९६ साली अवरहॅम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या दोन अभ्यासकांनी आधीच्या अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र मांडले. सहाशेहून जास्त तुलना होत्या. सरासरीनं काम सुधारलं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी सांगितल्यावर काम उलट बिघडलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण असं की सांगण्यामुळं माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःकडं वळलं, मी कसा, माझी काय किंमत, इकडं, की काम घसरतं. कौतुकानंही ते तसं वळू शकतं. आमच्या जॉबरनं हा अभ्यास वाचला नव्हता, पण बोट कुठं ठेवायचं ते त्याला माहीत होतं.

मालकांबद्दल थोडक्यात. "मालक म्हणालेत" हे वाक्य वापरू नकोस. त्यानं तुझं सांगणं हलकं होतं आणि मालकांचं जड. जे तुला दिसलं ते तुझ्या तोंडानं सांग. पण त्या बंडलाच्या मागं जाऊन स्टिकरचाच दोष निघाला, किंवा घाईत थप्पी फार उंच लावावी लागते म्हणून खूण ठेवायची राहून जाते असं निघालं, तर ते मालकांनाही तितक्याच सरळपणे सांगायचं, बंद दाराआड. खालच्याला सांगायचं तुझ्याकडं, मग वरच्याला सांगायचंही तुझ्याकडंच आलं.

आणि सगळं नीट करूनही तीच चूक तिसऱ्यांदा आली तर? तेव्हा बोलणं शर्टाबद्दल राहत नाही. "मामा, ही तिसरी वेळ. मागच्या दोन्ही वेळा आपलं ठरलं होतं." इतकं स्पष्ट बोलायला वय आड येऊ देऊ नकोस. मान ठेवणं वेगळं आणि झाकून ठेवणं वेगळं. मालकांकडं न्यायची वेळ आली तर आधी मामांना सांग की मी आता हे त्यांच्याकडं नेते आहे. त्यांना ते दुसऱ्याकडून कळता कामा नये.

पण हे सगळं पुढचं. आधी झालेलं निस्तरायला हवं, आणि तिथं तू एक चूक करशील म्हणून बजावते. माफी मागायला जाशील आणि त्याच दमात म्हणशील, "पण मामा, चूक तर झाली होती ना." तसं करू नकोस. त्या दिवशी शर्टाचा विषयच काढायचा नाही. एकटे असतील तेव्हा जा: "मामा, त्या दिवशी फोटो ग्रुपवर टाकला ते माझं चुकलं. आधी तुमच्याकडं यायला पाहिजे होतं." दोन वाक्यं. ते "असू दे, असू दे" म्हणतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत. दोन्ही चालेल. रडू नकोस मात्र, नाहीतर त्यांनाच तुझी समजूत काढावी लागेल.

साठ जणांसमोर झालं ते कोपऱ्यात मिटत नाही. त्याच दिवशी ग्रुपवर एक ओळ टाक: "४० शर्टांबद्दल मी मामांना न विचारता इथं लिहिलं, ते बरोबर नव्हतं. कारण शोधायचं काम चालू आहे." त्याला हात जोडलेल्या चित्रांची रांग लावू नकोस. आणि तो फोटो अजून तिथं असेल तर "सगळ्यांसाठी डिलीट" आता चालणार नाही, पण इथून पुढं खोटीचा फोटो ज्याचा त्यालाच पाठवायचा, असं ग्रुपवर ठरवून टाक. चांगल्या लॉटचा फोटो मात्र खुशाल ग्रुपवर टाक, नावासकट.

डब्याचं विचारलं नाहीस, पण पत्रात लिहिलंस, म्हणजे टोचतंय ते तेच. त्यांना "आमच्यात बसा ना मामा" म्हणून ओढायला जाऊ नकोस. चार बायकांसमोर नाही म्हणायची वेळ त्यांच्यावर येईल. जागा तेवढी सोडून बसा, नेहमीची. शेंगाचटणी आणली असशील तर एखाद्या पोराच्या हाती वाटीभर तिकडं पाठव, निरोप न देता. आमच्या चिठ्ठीवाल्याचं माझ्याशी बोलणं पुन्हा सुरू झालं ते माझ्या माफीनं नव्हे. एक दिवस बेरीज मला जमत नव्हती, तेव्हा मी वही घेऊन त्याच्याकडं गेले. तो चष्मा पुसत म्हणाला, "आण इकडं."

मामांकडंही काम घेऊनच जा. आणि त्या बंडलाच्या मागं गेलात की मला कळव, नंबर नेमके कुठं सुटत होते ते. जाऊबाई म्हणते स्टिकर. मला अजून तुमच्या टेबलाचा संशय आहे.